गाळातली शिदोरी

शिरूरच्या किंवा दौंडच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या पाटीपाशी आपण कधी ना कधी थांबला असाल. तिथला जवळा मूठभर घेतला, तर शेकडो जीव हातात येतात. ही दोन-तीन सेंटिमीटर लांबीची कोळंबीची जात. कोकण किनाऱ्यावर कोळी बांधव डोल जाळ्यात ती धरतात. भाकरीबरोबर जवळा खाताना, हा इवलासा प्राणी समुद्रात काय काम करतो, हे मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

समुद्राच्या वरच्या पाण्यात ऊन पोहोचते. तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात, मरतात आणि खाली बसतात. म्हणजे अन्न तयार होते वर, आणि त्यातले बरेचसे साचते तळाशी. मग ते पुन्हा वर आणायचे कोणी? थोडे काम वारा आणि भरती-ओहोटी करतात. थोडे जवळ्यासारखे जीव. उजेडात मोठ्या माशांच्या नजरेस पडू नये म्हणून जवळा दिवसा तळालगत राहतो. तिथला कुजलेला कचरा अन् सूक्ष्म जीव खातो. अंधार पडला की वर येतो. बोंबलासारखे मासे त्याला गट्ट करतात आणि गाळातले अन्न माशाच्या अंगी लागते. उलट जवळ्याची विष्ठा आणि त्याने टाकलेली कात खाली जाते. ही जणू विहिरीवरची मोटच! फरक एवढाच, की ही मोट खाली जातानाही रिकामी नसते.

समुद्र आपल्यापासून दूर. पण अशी मोट आपल्या दारातही चालते बरं का! शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शिवेवरून भीमा वाहते. पुढे दौंड तालुक्यात १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा येतो. अशा संथ पाण्याच्या गाळात बारीक लाल अळ्या असतात. माणसाच्या रक्तात असते तसेच हिमोग्लोबिन त्यांच्या अंगात असते, म्हणून कमी प्राणवायूतही त्या तग धरतात. गाळातला कुजका पाला खाऊन त्या वाढतात, कोष होऊन वर येतात आणि त्यांचे पंखवाले किडे होतात. संध्याकाळी दिव्याभोवती डासांसारखे दिसणारे, पण न चावणारे किडे जमतात ना, त्यांत हेही असतात. अळी आणि कोष मासे खातात. किडे पाकोळ्या टिपतात. भिगवणला हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी चोच उलटी करून गाळातून अशाच अळ्या गाळून घेतात.

आता काळजीची गोष्ट. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळते. घाण फार झाली, की ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. आधी इतर जीव जातात, लाल अळ्या तेवढ्या उरतात. प्राणवायू फारच काळ नाहीसा झाला, तर त्याही टिकत नाहीत. मग तळाशी शिदोरी पुष्कळ, पण ती वर नेणारे कोणी नाही! भोयाचे जाळे रिकामे येण्याच्या कारणांपैकी हेही एक.

गुरुजींनी हा धडा नदीकाठी द्यावा. संथ पाण्यातला ओंजळभर गाळ चाळणीत धुवून पांढऱ्या ताटलीत पसरावा आणि मुलांना जीव मोजू द्यावेत. नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. दोन-तीन ठिकाणी, वेगवेगळ्या ऋतूंत पाहावे. अनेक तऱ्हेचे जीव दिसले, तर नदी चांगली आहे. नुसत्या लाल अळ्या दिसल्या, तर ती आजारी आहे. आणि काळ्या, वास मारणाऱ्या गाळात काहीच हलेना, तर मुलांना सांगावे : बाळांनो, इथली मोट बंद पडली आहे.