शॉकअप गेले की स्प्रिंग?

गाडीला दहा-बारा वर्षं झाली की गॅरेजवाला एक दिवस सांगतो, "साहेब, चारही शॉकअप गेलेत, स्प्रिंगाही बसल्यात, सगळं बदलून टाका." खर्चाचा आकडा ऐकून मालक गप्प होतो. काही जण लगेच होकार देतात, बरेच जण 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत चार वर्षं काढतात. नेमकं काय गेलंय हे दोघांनाही ठाऊक नसतं. खारदांड्यात गाड्या दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. हे शोधायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही, म्हणून आज त्याबद्दल बोलावंसं वाटलं.

आधी नावातला घोळ दूर करू. शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेतला शॉकअप, खरं तर धक्का घेत नाही. धक्का घेते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यात आदळलं की स्प्रिंग दबते, आणि दबलेली स्प्रिंग उसळणारच. तिला मोकळं सोडलं तर गाडी आमच्या किनाऱ्याला नांगरलेल्या होडीसारखी डुलत राहील. ते डुलणं थांबवणं हे शॉकअपचं काम. नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोकं. त्या भोकांतून तेल ढकलताना उसळीचा जोर संपतो आणि त्याची उष्णता होते. म्हणून खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचे शॉकअप हाताला कोमट लागतात.

यातून एक सोपी गोष्ट निघते. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. गाडी मागून खाली बसली असेल किंवा एका बाजूला कलली असेल, तर नवे शॉकअप टाकून ती वर येणार नाही. उलट गाडी उंचीला ठीक आहे, पण गतिरोधक ओलांडल्यावर दोन-तीन वेळा झुलते, ब्रेक मारला की नाक टेकवते, तर स्प्रिंगवर पैसे घालू नका. एवढा फरक कळला तरी निम्मा खर्च वाचू शकतो.

पाठ दुखते म्हणून शॉकअप बदलायचे असा समज आहे. पाठीपेक्षा मोठी गोष्ट टायरची आहे. गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारण एकदा वर-खाली होतो, पण चाक सेकंदाला दहा-बारा वेळा थरथरतं. शॉकअप मेलेला असेल तर त्या थरथरीत टायर क्षणभर रस्त्यावरून सुटतं किंवा नुसतं टेकून राहतं. त्या क्षणी ब्रेक कितीही चांगला असो, त्याचा उपयोग नाही. एबीएस असलेल्या गाडीचंही तेच, कारण तेही टायरच्या पकडीवरच चालतं. पावसाळ्यात पश्चिम द्रुतगती मार्गावर पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला, किंवा दांड्याच्या गल्लीत एखादं पोर चेंडूमागे धावत आलं, तर गाडी कुठे थांबते हे यावर ठरतं.

अडचण अशी की शॉकअप एका दिवसात जात नाहीत. रोज इतके थोडे झिजतात की चालवणाऱ्याला सवय होऊन जाते. त्यामुळे 'मला तर काही जाणवत नाही' हा पुरावा धरू नये. गाडी एक दिवस दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्यावी.

पुस्तकांत ८० हजार किलोमीटरचा आकडा वाचायला मिळतो. चांगल्या रस्त्यांचा तो हिशोब आहे. उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि वर्षातून चार महिने खड्डे, अशा आपल्या रस्त्यांवर मी दर २० हजारांना तपासणी करतो आणि किलोमीटर पाहून काहीच बदलत नाही.

बॉनेटचा कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते पाहायचं, ही युक्ती सगळ्यांना माहीत असते. वर येऊन एका झुल्यात स्थिरावली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप गेला. पण ही परीक्षा अर्धवट आहे. हाताने दाबलेली गाडी हळू हलते, खड्ड्यातलं चाक फार वेगाने. पूर्ण मेलेला शॉकअपच यात सापडतो, अर्धा मेलेला पास होतो. माझा भरवसा टायरवर जास्त. तळहात टायरवरून गोल फिरवा. ठरावीक अंतरावर खळगे लागले, म्हणजे रबर एकसारखं न झिजता ठिकठिकाणी खाल्लेलं असलं, तर चाक उडत होतं. अलाइनमेंट बिघडलं की टायर एका कडेने झिजतं, ते वेगळं. मग खाली वाकून शॉकअप पाहा. वरच्या बाजूला धुळीचा ओलसर थर असेल तर चालतं, पण तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल तर सील फुटलंय. खराब रस्त्यावरून आल्यावर एक शॉकअप कोमट आणि त्याच्या जोडीचा थंड लागला, तर थंड असलेला काम करत नाही. हात लावताना सायलेन्सर सांभाळा.

आता स्प्रिंग. सपाट जागी गाडी उभी करा, हवा सारखी भरा, सामान काढा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. डावं-उजवं ताडून पाहा. एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक मी सोडून देतो. मुंबईत मागची बाजू बसण्याचं एक कारण डिकीत असतं. नंतर बसवलेल्या सीएनजीचं नुसतं लोखंडी सिलिंडरच पन्नास किलोंच्या वर जातं. म्हणजे एक माणूस डिकीत बसवून वर्षानुवर्षं फिरवण्यासारखं.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावत होत्या. त्यांना पुढे गोल स्प्रिंगा आणि मागे कमानपाटे. पाटे सपाट झाले की टॅक्सीवाले ते ठोकून पुन्हा गोलाई देऊन घेत. स्वस्त पडायचं, पण ती गोलाई फार टिकत नसे. मारुती ओम्नीलाही मागे पाटेच, आणि ओम्नी आमच्याकडे मासळी नेण्यासाठी खूप वापरली गेली. बर्फाचं खारं पाणी गळून पाट्यांच्या फटीत शिरतं. गंज धरतो, पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात आणि एक दिवस मोठा पाटा कानाजवळ तडकतो.

समुद्राजवळच्या गाड्यांचं हे खास दुखणं आहे. खडी लागून स्प्रिंगचा रंग उडतो, खाऱ्या हवेने तिथे बारीक खड्डा पडतो आणि तडा नेमका त्या खड्ड्यापासून सुरू होतो. गोल स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा चिखलात बसलेला असतो, तोच बहुधा तुटतो. तुकडा वाटीतच राहिला तर मालकाला पत्ताही लागत नाही, फक्त एखादा 'टक्' असा आवाज येतो. तीच टोकदार कड कधी टायरला भिडते. गाडी दोन सेंटिमीटर बसलेली असेल तर एखाद वर्ष विचार करता येतो. तडा किंवा खोल गंज दिसला तर नाही.

बसलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायचे रबरी बफर दुकानात मिळतात. गाडी वर दिसते खरी, पण स्प्रिंगचे काही वेढे अडकून पडतात आणि सगळा भार उरलेल्यांवर येतो. मी ते बसवत नाही.

बदलायचं ठरलं तर पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही, जोडीनेच. एक नवा, एक जुना असला की ब्रेक मारताना गाडी ओढते. शॉकअपबरोबर वरचं माउंटिंग आणि बंप स्टॉपचं रबरही पाहून घ्या, कारण मजुरी एकदाच द्यावी लागते. पुढचा स्ट्रट उघडला की अलाइनमेंट करावंच लागतं. आणि हे काम घरी करू नका. स्ट्रटमध्ये दबलेली स्प्रिंग क्लॅम्पशिवाय सुटली तर माणसाचा जबडा फोडते.

पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं असेल आणि हातात पैसे थोडे असतील, तर आधी पुढचे शॉकअप आणि चांगले टायर, कारण ब्रेक मारताना वजन पुढे येतं. स्प्रिंगा उंचीला ठीक आणि बिनतड्याच्या असतील तर त्या तशाच राहू द्या. नव्या स्प्रिंगा टाकल्या असतील तर हजार किलोमीटरनंतर पुन्हा टेप लावून चारही आकडे गाडीच्या वहीत लिहून ठेवा. नवी स्प्रिंग थोडी बसतेच, तेव्हा पुढच्या वर्षी ताडून पाहायचा आकडा हा दुसरा.