जीप : नाव अमेरिकेचे, घाम वऱ्हाडाचा

अंजनगाव सुर्जीच्या माणसाला 'जीप' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. अकोट, दर्यापूर, पथ्रोट, परतवाडा या वाटांवर एक काळ असा होता की, एस. टी. चुकली तर जीप आणि जीपही गेली तर पायवाट. अचलपूर-मुर्तिजापूर मार्गावरची आपली शकुंतला रेल्वे आता बंद पडली आहे. पण ती चालू होती तेव्हाही घाईच्या माणसाने तिच्या भरवशावर राहावे अशी तिची चाल नव्हती. पानमळ्यातली पाने बाजाराला न्यायची असोत, की शेंडगावला गाडगेबाबांच्या जन्मस्थळी जायचे असो, लोक चौकात उभ्या असलेल्या काळ्या-पिवळ्या जीपकडेच वळत.

या गाडीचा जन्म कुठे झाला, ती आपल्या गावापर्यंत कशी आली आणि तिच्यामुळे आपल्या वस्तीतल्या कुटुंबांचे काय भले-बुरे झाले, हे कुटुंबात बसून वाचण्यासारखे आहे. कारण आपल्या समाजासाठी वाहन हा केवळ प्रवासाचा प्रश्न कधीच नव्हता.

गाडीवान जात विचारत होता

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलेले दोन प्रसंग प्रत्येक आईने मुलांना सांगावेत असे आहेत. १९०१ साली लहानगा भीम, त्याचा भाऊ व भाचे वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. मुले महाराची आहेत हे कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर गाडी मिळाली. पैसे होते, भाकरी होती, पण रात्रभर पाणी मिळाले नाही.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते. तरीही टांगेवाल्याने त्यांना घेऊन टांगा हाकण्यास नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला बसला तो टांग्याची सवय नसलेला आपलाच एक बांधव. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

या दोन्ही प्रसंगांत पैशाची अडचण नव्हती. अडचण होती ती वाहन कोणाच्या मालकीचे आणि लगाम कोणाच्या हाती, याची. जीपची गोष्ट वाचताना हे ध्यानात ठेवावे.

लढाईत जन्मलेली गाडी

१९४० साली युरोपात महायुद्ध पेटले होते. अमेरिकेच्या सैन्याला चिखल, वाळू, डोंगर असे कुठेही जाईल आणि चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळेल असे हलके वाहन हवे होते. सैन्याने १३५ कंपन्यांना विचारणा केली. पेनसिल्व्हानिया राज्यातील बँटम नावाच्या एका छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याच्या मदतीने अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना तयार करून दिला.

पण मोठी ऑर्डर बँटमला मिळाली नाही. तिचे आराखडे सैन्याने इतरांना दाखवले आणि काम गेले टोलेडो शहरातील विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या बड्या कंपन्यांकडे. विलीजचे ६० अश्वशक्तीचे इंजिन दमदार होते हेही खरे. महायुद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. बँटमच्या वाट्याला आले ते जीपच्या मागे जोडायचे ट्रेलर बनवण्याचे काम!

'जीप' हे नाव कोणा साहेबाने ठेवलेले नाही. ते सैनिकांच्या तोंडी रुळले. कोणी म्हणतात, 'जी. पी.' या अक्षरांवरून ते आले. कोणी म्हणतात, पॉपायच्या चित्रमालिकेतल्या 'जीप' नावाच्या अजब प्राण्यावरून. जीप आम्हीच निर्माण केली, अशी जाहिरात विलीज कंपनी करू लागली, तेव्हा १९४८ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला रोखले. मूळ कल्पनेत बँटमचा व सैन्याच्या अधिकाऱ्यांचा वाटा होता. तरीही १९५० साली 'जीप' हे नाव विलीजच्याच मालकीचे म्हणून नोंदले गेले. घाम एकाचा आणि सातबारा दुसऱ्याचा, ही रीत फक्त आपल्याच देशात आहे असे नाही.

पुढे हे नाव हातोहात फिरले. १९५३ मध्ये कैसर, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्स, १९८७ मध्ये क्रायसलर, नंतर फियाट आणि २०२१ पासून स्टेलँटिस. मालक बदलले, पण नाव राहिले.

मुंबईत उतरली, वऱ्हाडात आली

१९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. अमेरिकेतून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि मुंबईत माझगावला गाडी जोडली जायची. १९४९ साली अशी पहिली जीप बाहेर पडली. हळूहळू भाग इथेच बनू लागले. कांदिवली व नंतर नाशिक इथल्या कारखान्यांतून मराठी कामगाराच्या हातची जीप देशभर गेली.

आधी ती सरकारी साहेबांची गाडी होती. कलेक्टर, फौजदार, मेळघाटातले वनाधिकारी, बी. डी. ओ. यांच्या जीपचा धुरळा दिसला की गावकरी बाजूला होत. पुढे निवडणुकीच्या जीपवर भोंगे लागले. डिझेल इंजिन आले, मागची बाजू लांब करून बाके बसली आणि जीप सर्वसामान्यांची झाली. आपल्या काळ्या कपाशीच्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीही रुतते. तिथून चारही चाकांवर निघणारी ही गाडी शेतकऱ्याला भावली, यात नवल नाही.

वस्तीतली जीप

आपल्या वस्तीतल्या तरुणाच्या दारात पहिल्यांदा जीप उभी राहिली, तेव्हा नुसती गाडी आली नव्हती. ज्या समाजाच्या मुलांना पैसे देऊन गाडीवान मिळत नव्हता, त्याच समाजाचा मुलगा स्टिअरिंगवर बसून म्हणत होता, "सरका बाप्पा जरा आतमंधी, अजून एक शीट बसते!" पाटलाचा मुलगा, बारी समाजाचा पानमळेवाला, मुसलमान व्यापारी आणि आपली आजी, सारे मांडीला मांडी लावून बसत. सगळी जातीयता त्यामुळे मिटली असे आम्ही म्हणणार नाही. गाडीतून उतरल्यावर पाणवठा वेगळाच होता, अशी गावे होती. पण तासभर का होईना, समतेचे बाक मिळाले.

१४ एप्रिलला याच जीपला निळे झेंडे लागत, पुढे बाबासाहेबांची प्रतिमा बसे. अशोक विजयादशमीला दोनशे किलोमीटरच्या वर असलेल्या नागपूरच्या दीक्षाभूमीवर अख्खी गल्ली जाई. डबे सोबत, लेकरे मांडीवर, रात्रभर भीमगीते. आणि अपरात्री एखादी बहीण अडली, की तिला अमरावतीच्या डफरीनला नेणारी गाडीही हीच. तेव्हा भाडे विचारायला कोणी थांबत नसे.

जीपमालकांचे अनुभव आम्ही ऐकले तेव्हा बहुतेकांचे एकमत दिसले. गाडी दणकट, पाटे तुटले, क्लच प्लेट गेली तरी गावचा मिस्त्री दुरुस्त करतो, सुटे भाग अमरावतीत मिळतात, साधी यंत्रणा असल्याने ड्रायव्हरच अर्धा मेकॅनिक होतो. तक्रारीही ठरलेल्या. ॲव्हरेज कमी, उन्हाळ्यात इंजिनाची धग पायाला लागते, हूड फाटला की पावसात प्रवासी भिजतात आणि खड्ड्यांच्या रस्त्याने कंबर कायमची धरते. त्यांच्या बायका मात्र वेगळेच सांगतात. गाडीच्या इंजिनाचे काम निघाले की पहिले मंगळसूत्र गहाण जाते!

हप्त्याचा हिशेब

इथेच दुखणे आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीज भांडवल योजनेत बँकेचे ७५ टक्के, महामंडळाचे २० टक्के व लाभार्थीचे ५ टक्के, अशी रचना होती. योजना चांगली. पण बँकेचे उंबरठे झिजवून थकलेला तरुण खासगी फायनान्सकडे वळला आणि तिथे फसला. आम्ही वाणिज्य शाखेचे असल्याने अनेक बांधव कर्जाचे कागद घेऊन येत. त्यातला एक हिशेब सांगतो.

एक लाख रुपये, तीन वर्षे, व्याज १२ टक्के. फायनान्सवाला 'फ्लॅट' दर लावतो. म्हणजे दरवर्षी पूर्ण एक लाखावर १२ हजार, तीन वर्षांचे ३६ हजार. महिन्याचा हप्ता सुमारे ३,७७८ रुपये. हेच १२ टक्के व्याज शिल्लक रकमेवर लावले, तर हप्ता सुमारे ३,३२१ रुपये आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास येते. म्हणजे तोंडाने १२ टक्के सांगणारा प्रत्यक्षात २१ टक्क्यांहून जास्त घेतो. शिकलेल्या माणसालाही हे पटकन कळत नाही.

त्यात कायद्याची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे मॅक्सी कॅब म्हणजे ड्रायव्हर सोडून सहाहून जास्त व बारापर्यंत प्रवासी. हप्ता निघावा म्हणून लोक सतरा-अठरा बसवत. अपघात झाला की विमा कंपनी नेमके यावरच बोट ठेवते. दर्यापूर मार्गावर जीप चालवणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका बांधवाचे तीन हप्ते मुलीच्या आजारपणात थकले. फायनान्सच्या माणसांनी भर चौकातून गाडी ओढून नेली. दोन वर्षे भरलेले पैसे गेले आणि तो पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर रोजंदारीने ड्रायव्हर झाला. लगाम हाती आला होता, तो असा सुटला.

सातासमुद्रापलीकडचे भाऊ

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनीही हेच सोसले. १९४४ साली फ्रान्समध्ये आघाडीवर रसद पोचवणाऱ्या 'रेड बॉल एक्सप्रेस'चे सुमारे तीन चतुर्थांश ट्रकचालक काळे होते. पण मायदेशी परतल्यावर दक्षिणेत बसमध्ये त्यांना मागेच बसावे लागे. म्हणून ज्याला शक्य होई तो स्वतःची मोटार घेई. डिसेंबर १९५५ मध्ये माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना जागा न सोडल्याबद्दल अटक झाली, तेव्हा सारा समाज ३८१ दिवस बसमध्ये चढला नाही. आपल्याच लोकांच्या शेकडो मोटारी व चर्चने घेतलेल्या गाड्या वाटून वापरल्या आणि लढा जिंकला. इकडे नागपुरात धम्मदीक्षा होत होती, तेव्हा तिकडे हा लढा चालूच होता. एकेकट्याची मोटार समाजाच्या कामी आली, हे त्यातले शिकण्यासारखे.

आजची जीप

आज 'जीप' नावाची गाडी श्रीमंतांची झाली आहे. २०१६ साली ती कंपनी स्वतः भारतात आली. २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला 'कंपास' बनू लागली. तिची सुरुवातीची किंमतच पंधरा लाखांच्या घरात होती. महिंद्रने जुन्या जीपच्या वळणाची 'रॉक्सर' अमेरिकेत विकायला काढली, तर जीपच्या मालकांनी तक्रार केली आणि २०२० साली तिथल्या आयोगाने रॉक्सरचे रूप जीपची नक्कल ठरवले. सत्तर वर्षे इथे घडवलेल्या आकारावरही हक्क परक्याचाच निघाला! पुढे रूप बदलून गाडी विकण्याची मुभा मिळाली, ही गोष्ट वेगळी.

आपण यातून काय घ्यावे? नव्या तरुणांनी जीप घ्यावी, मॅजिक घ्यावी की ट्रॅक्टर, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण सही करण्यापूर्वी व्याज फ्लॅट आहे की शिल्लक रकमेवर, हे लेखी विचारावे. कागद घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावा. परमिट, पासिंग, विमा यांच्या तारखा भिंतीवर लिहाव्यात. रोजच्या धंद्याची वही घरच्या लक्ष्मीने नव्हे, घरच्या सावित्रीने ठेवावी. आणि वस्तीतल्या पाच-दहा गाडीमालकांनी एकत्र येऊन महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकावी, म्हणजे आजारपणात एकाचाही हप्ता थकणार नाही.

मसूरच्या त्या रात्री चार लेकरांजवळ पैसे होते, पण गाडी त्यांची नव्हती. आज गाडी दारात येऊ शकते. ती दारातच राहील, याची काळजी आपण सर्वांनी मिळून घेतली पाहिजे.

जय भीम!