बॅटरी घेण्याआधी कागदावर एक वर्ष



गावोगावच्या दूध संकलन केंद्रांच्या छपरांवर आता सौर पॅनेल दिसू लागली आहेत. त्यांच्या मागोमाग बॅटरी विकणारेही येतात. पॅनेल, बॅटरी आणि महावितरणची लाइन एकत्र जोडली, की कोणत्या तासाला वीज कोठून घ्यावयाची हे ठरवावे लागते. हा कारभार कसा चालेल, ते खरेदीपूर्वीच संगणकावर चालवून पाहता येते. त्यास सिम्युलेशन म्हणतात. आपण त्याला लुटुपुटीचे वर्ष म्हणू.

शेतीपंपाचा प्रश्न येथे नाही. २०२४ च्या योजनेने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. तेथे बॅटरीने वाचवायचे तरी काय?

वर्षाचे तास ८,७६०. प्रत्येक तासाला ऊन किती, वापर किती आणि दर किती, हे मांडावयाचे. उन्हाचे ताशी आकडे युरोपीय आयोगाच्या पीव्हीजीआयएस या सोयीतून मोफत मिळतात, अगदी आपल्या तालुक्याचेसुद्धा. महिन्याच्या सरासरीवर मात्र भागवू नये. सरासरीत आषाढातही वीज शिल्लक दिसते. ताशी हिशेबात सलग चार दिवस बॅटरी रिकामी पडलेली दिसते.

बॅटरी म्हणजे शेततळेच म्हणा ना. पाळी आली की भरायचे, मागून वापरायचे, आणि थोडे झिरपणार हे धरून चालायचे. दहा युनिट भरले तर साधारण नऊच हाती येतात.

आता केंद्राचे पाहू. संध्याकाळचे दूध येते तेव्हा ऊन नसते, आणि कूलर तर लावावाच लागतो. समजा, दिवसाचा दर ८ रुपये, संध्याकाळचा १२ रुपये, आणि लाइनवर सोडलेल्या युनिटला ३ रुपये मिळतात. दुपारी शिल्लक राहिलेले १० युनिट विकले असते तर ३० रुपये आले असते. तेच साठवून संध्याकाळी ९ वापरले तर १०८ रुपये वाचतात. नफा ७८. पण हेच १० युनिट दिवसा केंद्रातच खपणार असतील, तर साठवण्यापायी ८० रुपयांची वीज लाइनवरून घ्यावी लागते आणि नफा उरतो २८. वर्षात असे २५० दिवस धरले तर एकीकडे १९,५०० रुपये, दुसरीकडे ७,०००. बॅटरी तीच, ऊन तेच! म्हणून किंमत विचारण्याआधी दुपारी खरोखर शिल्लक किती राहते ते मीटरवर पाहावे. नेट मीटरिंगमध्ये युनिटास युनिट वळते होत असेल, तर लाइनच तुमचे शेततळे. मग बॅटरी कशाला?

भारनियमनासाठी बॅटरी घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाइन गेली की लाइनला जोडलेला साधा इन्व्हर्टर, भर उन्हातसुद्धा, आपोआप बंद होतो. खांबावरच्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती सोय आहे. लाइन नसताना चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर वेगळा मागावा लागतो. शिवाय अडीअडचणीला ३ युनिट कायम राखून ठेवले, तर रोज वापरायला ६ च उरतात, आणि ७८ चा नफा ५२ वर येतो. दूध नासण्याची धास्ती त्या २६ रुपयांहून मोठी आहे का, हे ज्याच्या त्याच्या केंद्राने आपल्या गावची लाइन किती वेळा जाते ते पाहून ठरवावे.