गर्भावस्थेतील व्यायाम

गर्भवती स्त्रीने स्वतःची शक्ती व गर्भाची सुरक्षितता सांभाळून नियमितपणे करावयाच्या माफक शारीरिक हालचाली. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला व्यायाम आणि उकिडवे बसणे वर्ज्य सांगितले आहे. तेथे व्यायाम म्हणजे अतिश्रम असा अर्थ घेणे उचित होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार, वैद्यकीय अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. त्यामुळे गर्भावस्थेतील मधुमेह व उच्च रक्तदाब यांचा धोका घटतो.

ही शिफारस नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतमजूर स्त्रीला लावताना तारतम्य हवे. खुरपणी उकिडवे बसून, तर सोयाबीनची कापणी दिवसभर वाकून होते. पाणीटंचाईत (२०१६ साली लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते) घागरी वाहण्याचे अंतर वाढते. असे श्रम स्त्रीच्या इच्छेने थांबत नाहीत, त्यांत विश्रांती ठरलेली नसते. म्हणून त्यांना व्यायाम समजणे चूक आहे. “ती रोज राबतेच, तिला वेगळा व्यायाम कशाला?” हा प्रश्न घरोघर ऐकू येतो. तिला प्रथम ओझ्यापासून सुटका, पुरेसा आहार व दुपारची विश्रांती मिळाली पाहिजे.

गर्भावस्थेच्या अखेरीस शरीरातील रक्ताचे आयतन सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते व हृदयाचे कामही वाढते. रक्तातील हीमोग्लोबिन १०० मिलिलिटरमागे ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास पंडुरोग समजतात. ते ७ ग्रॅमच्या खाली गेल्यास उपचारापूर्वी व्यायाम करू नये. वार खाली असणे, गर्भाशयग्रीवा दुर्बल असणे, मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता, गर्भावस्थेतील वाढलेला रक्तदाब व गंभीर हृद्रोग यांतही तो वर्ज्य आहे. यासाठी आधी तपासणी करून घ्यावी. शासकीय रुग्णालयांत दरमहा ९ तारखेस गर्भवतींची विशेष तपासणी होते.

सपाट वाटेवर चालणे हा सर्वांत सोपा व्यायाम होय. चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. मराठवाड्यातील उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर चालावे व पाणी पीत राहावे, कारण विशेषतः पहिल्या तिमाहीत शरीराचे तापमान फार वाढणे गर्भास अपायकारक ठरू शकते. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये वर्णिलेला व्यायाम, म्हणजे लघवी रोखताना आवळले जाणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू थोडा वेळ आवळून सैल सोडणे, बसल्या जागी करता येतो. चौथ्या महिन्यानंतर उताणे निजून व्यायाम करू नये. गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडून घेरी येते. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, पोटात कळा, छातीत दुखणे, घेरी किंवा पोटरीस सूज यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे.