पडद्याआडच्या अध्यापकाचे प्रशिक्षण

गेवराई तालुक्यातील चकलांब्याच्या परिसरातून, तद्वतच बीड जिल्ह्याच्या अन्य भागांतून, दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. उचल घेतलेल्या आई-वडिलांबरोबर फडावर जाणाऱ्या तरुणाने महाविद्यालयात नाव घातलेले असेल, तर हंगामाचे पाच-सहा महिने त्याने शिकावे कसे? ऑनलाइन अध्यापनाचा प्रश्न येथे निव्वळ सोयीचा नाही; नाव पटावर राहते की गळते, हे त्यावर ठरते.

मार्च 2020 च्या टाळेबंदीनंतर अनेक अध्यापकांनी वर्गातील तासच तसाच्या तसा कॅमेऱ्यापुढे घेतला. हा दोष सर्वस्वी त्यांचा नव्हता. दुरून शिकविणे ही वेगळी विद्या आहे आणि ती शिकावी लागते. नाशिक येथे 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने तिची ओळख महाराष्ट्रास कधीच करून दिली आहे. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मजकुरात ठायीठायी स्वयंअध्ययनाचे प्रश्न आणि समोर बसून बोलावे तशी भाषा, ही त्या पुस्तकांची रीत पडद्यावरही तितकीच लागू पडते.

केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ मंचावर (2017) प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : ध्वनिचित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंतचे विषय या मंचावरून शिकण्याची मुभा विद्यार्थ्यांना देता येते.

अध्यापकांसाठी 2018 मध्ये याच मंचावर ‘अर्पित’ हा उजळणी कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या 40 तासांपैकी निम्मे ध्वनिचित्रफितींचे, निम्मे इतर अध्ययनाचे. या योजनेचा खरा गुण प्रस्तुत लेखकास असा वाटतो, की तीत अध्यापक स्वतः विद्यार्थी होतो. मुदत संपत आली असता अडखळत्या नेटवर्कवर स्वाध्याय पाठविण्याची धडपड ज्याने केली, त्याला फडावरच्या मुलाची अडचण निराळी सांगावी लागत नाही. पुढे 2023 मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम आला. मराठवाड्यातील प्राध्यापकांसाठी छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात त्याचे केंद्र आहे.

अशा प्रशिक्षणात यंत्र चालविणे दोन दिवसांत जमते; त्यावरच भर देणे हा वेळेचा अपव्यय होय. कठीण आहे ते पाठाची फोड करणे. तासभराच्या व्याख्यानाऐवजी दहा-दहा मिनिटांचे तुकडे, प्रत्येकाअखेर एक प्रश्न, कमी डेटा लागणारी ध्वनिफीत आणि एकदा उतरवून घेतल्यावर नेटवर्कविना वाचता येतील अशी टिपणे, एवढे तरी हवेच. घरात एकच मोबाइल असेल व तो दिवसभर वडिलांजवळ राहत असेल, तर ठरलेल्या वेळेच्या थेट वर्गाचा उपयोग नाही. केव्हाही ऐकता येईल असा पाठ हवा. आलेल्या स्वाध्यायावर चार ओळींचा अभिप्राय ठरावीक दिवसांत गेलाच पाहिजे, कारण कोपीत बसलेल्या विद्यार्थ्याशी अध्यापकाचा तेवढाच संबंध उरतो. स्वाध्यायाच्या मुदतीही स्थानिक परिस्थिती पाहून ठरवाव्यात. कारखान्याचा पट्टा पडण्यापूर्वीची मुदत चकलांब्याच्या विद्यार्थ्यास बहुधा पाळता येणार नाही.