लाकडाची मासोळी

जखमी मासोळी सरळ पोहत नाही, लटपटते. आणि मोठा मासा नेमकी तिच्यावरच झडप घालतो. फिनलंडच्या तळ्यांवर मासे मारून पोट भरणाऱ्या लाउरी रापाला यांनी हे हेरलं आणि १९३६ साली बुचाची मासोळी कोरली. रंग-वॉर्निशला पैसे नव्हते. त्यांनी चॉकलेटचा चंदेरी कागद तिच्या अंगावर चढवला, फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला.

हे वाचून मीही पांगाऱ्याचा तुकडा घेऊन बसलो. लाकूड हलकं, कोरायला मऊ. आकार देऊन पॉलिशपेपरनं घासलं. पोटाला चीर पाडून आरपार तार बसवली. गळ तारेलाच अडकवायचे, नाहीतर मासा लाकूड फोडून गळासकट पळतो. पोटात थोडं शिसं भरलं, म्हणजे मासोळी उताणी होत नाही. तोंडाखाली पत्र्याची तिरपी जीभ लावली. तिच्यावर पाणी आपटलं की अंग डोलतं.

रंग सुरेख जमला. पण तार बाहेर येते तिथलं भोक बुजवायचं राहिलं. लाकूड पाणी प्यायलं, फुगलं, रंगाचे पोपडे सुटले. दुसऱ्या खेपेला भोकं बुजवून आधी लाकडालाच पातळ वॉर्निश पाजलं. मग रंग, मग वॉर्निशचे तीन हात, प्रत्येक हात पुरता वाळवून.

शेवटी दोरा बांधून हौदात ओढली. ती सरळच आली! जीभ जराशी वाकवली, तेव्हा कुठे लटपटली. इतके दिवस मी रंगावर खर्ची घातले ते माझ्या डोळ्यांसाठी. माशाला हवं होतं ते एवढंसं लटपटणं.