जात्यावरच्या तूरडाळीचं शास्त्र: तेल, पाणी आणि ऊन



तूर घरात आली, आता डाळ करायचे दिवस. यंदा आपल्या कारंजा भागातल्या काही ताई घरची डाळ किलोच्या पाकिटात विकायचं म्हणताहेत. म्हणून आजचा मेसेज जरा लांब आहे. सवडीनं वाचा आणि घरात डाळ जी करते तिला वाचून दाखवा. तिला यातलं निम्मं आधीच ठाऊक असेल. ती जे करते ते का करते, एवढंच आम्ही सांगतोय.

*साल सुटत का नाही?*
हरभऱ्याची साल लवकर निघते, तुरीची नाही. तुरीच्या सालीत आणि डाळीत डिंकासारखा चिकट थर असतो. तो ढिला न करता जात्यावर जोर लावला की सालीआधी डाळच फुटते. दाण्यात साल साधारण १२ ते १५ टक्के. म्हणजे हिशोबानं क्विंटलला ८५ किलो डाळ निघायला पाहिजे, पण घरी ७० किलोच्या आसपास हाती येते. मधला फरक चुरीत जातो. ढोरं खुश, पण पाकिटात तेवढी डाळ कमी.

तो डिंक सोडवायलाच तेल-पाणी असतं. आधी जातं थोडं वर उचलून तूर नुसती फिरवून घ्यायची, म्हणजे सालीवर ओरखडे पडतात. तेल आत शिरतं ते या ओरखड्यांतून. मग १० किलोला ५० ते १०० मिली खायचं तेल चोळा. दोन-तीन दिवस ऊन द्या आणि *रोज रात्री ढीग करून झाका.* ही झाकायची पायरी बरेच जण सोडतात. ढिगात दिवसाची ऊब टिकते आणि तेल सगळ्या दाण्यांत सारखं मुरतं. शेवटी पाण्याचा हबका मारून पुन्हा रात्रभर झाकायचं. पाण्यानं साल फुगते, उन्हात वाळताना आकसते आणि डाळीपासून सुटते. मग भरडा. एका फेरीत सगळी साल निघणार नाही. राहिलेल्या दाण्यांना परत तेल-पाणी द्या, जोर देऊ नका.

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मिनी डाळ मिलवर केली, तरी तेल-पाणी-ऊन चुकत नाही. यंत्र फक्त जात्याचं काम करतं.

काही घरी तूर तासन् तास भिजवून मग वाळवतात. साल छान निघते, पण अशा डाळीला मधे खळगा पडतो आणि ती शिजायला जास्त वेळ घेते. घरी खायला चालेल. विकायची असेल तर तेलाचीच करा.

*गिऱ्हाईक म्हणेल, चमक नाही.*
चमक पॉलिशनं येते. डाळ घासली की वरचा थर जातो, आणि प्रथिनं, कॅल्शियम, लोह त्याच थरात जास्त असतात. आपली डाळ मळकट दिसते कारण तो थर शाबूत आहे. हे तोंडानं सांगा, लाजू नका.

*भुंगा शेतातूनच येतो.*
पोत्यात तो आपोआप होत नाही. तूर शेतात पिकत असतानाच मादी शेंगेवर अंडी घालते. घरी आल्यावर दाण्यावर पांढरा ठिपका चिकटलेला दिसतो, ते अंडं. अळी तिथूनच आत शिरते, दाणा पोखरते आणि भुंगा होऊन गोल भोकातून बाहेर पडते. तिला अख्खा दाणा लागतो. साल काढलेल्या, फुटलेल्या डाळीवर तिचा फारसा जम बसत नाही. म्हणून तर पावसाळ्याआधी डाळ करून ठेवायची रीत आहे. अख्खी तूर ठेवायचीच असेल तर किलोला ५ मिली तेल चोळा, अंडी टिकत नाहीत. राख लावली तरी चालते. राखेनं किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जातो आणि तो वाळून मरतो. कडुलिंबाचा पाला मात्र सावलीत वाळवूनच घाला. ओला पाला ओलावा वाढवतो आणि बुरशी धरते.

डाळीत चुरी राहू देऊ नका. तांबडे किडे चुरीवरच जगतात. सुपानं नीट पाखडा.

*आणि हे फार महत्त्वाचं:* घरातल्या पोत्यात, डब्यात धुरीच्या गोळ्या (सल्फास वगैरे) टाकू नका. हवेतल्या दमटपणानं त्यातून विषारी वायू सुटतो. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथं तो जीव घेतो. लेकरं असतील तर गोळ्या घरात आणूच नका.

पाकीट भरण्याआधी दाण्याचा आवाज घ्या. दाताखाली कट्ट वाजला तर वाळली, चेपला तर अजून ऊन पाहिजे. ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा. शंका वाटली तर मूठभर डाळ बंद डब्यात घालून ऑफिसला आणा, यंत्रावर मोजून देऊ. कागदाच्या पुडीत आणू नका, वाटेत ओलावा बदलतो आणि आकडा चुकतो.

काही अडलं तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका. फोटो पाठवाल तर डाळ हातावर घेऊन उजेडात काढा.